एक लेडी स्पीकर

आधी पोस्टर आलं, फोन नंतर आला. आमच्या शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांची वर्षातून एकदा परिषद भरते, तिचं ते पोस्टर. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडलं तेव्हा मी ते बोटांनी मोठं करून पाहिलं. गोल चौकटींत वक्त्यांचे फोटो होते. कोट घातलेले, हाताची घडी घातलेले, चष्मा लावलेले. सगळे पुरुष. खाली पुण्याच्या कुणीतरी लिहिलं, "कोल्हापुरात बायका कॉम्प्युटर वापरत नाहीत का?" त्यावर आधी हसण्याची चित्रं आली, मग दोघंतिघं चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे भरत असताना संयोजकांचा फोन आला. गृहस्थ तसे चांगले. कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारे.

"मॅडम, एक लेडी स्पीकर पाहिजे. तुमचं नाव घालतोय."

"विषय काय?"

"विषय काय, तुमचा तुम्ही ठरवा की. महिला आणि तंत्रज्ञान, घर आणि करिअर, असलं काहीतरी. लोकांना आवडतंय ते."

"मी मागं विषय पाठवला होता तुम्हाला. भट्टीच्या भोंग्यांचा."

"आलता की. पण टेक्निकलचं सगळं फुल्ल झालतं."

"आणि आता?"

"आता जागा करतो," ते म्हणाले. जागा त्यांना लगेच सापडली याचा मला आनंद व्हायला हवा होता. पोळी तव्यावर करपली तेवढं मात्र लक्षात आलं.

मी काय काम करते ते इथं सांगायला हवं. उद्यमनगरात आमची छोटी कंपनी आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आणि आसपास ज्या फाउंड्र्या आहेत, त्यांच्या भट्ट्यांवर नजर ठेवणारी प्रणाली आम्ही बनवतो. लोखंड जिथं वितळतं त्या भट्टीला आतून जाड अस्तर असतं. ते झिजत जातं. झिजून पार पातळ झालं आणि वितळलेलं लोखंड बाहेरच्या पाण्याच्या नळ्यांपर्यंत पोचलं, तर स्फोट होतो. म्हणून अस्तर पातळ व्हायला लागलं की भोंगा वाजला पाहिजे. अडचण अशी, की नवीन अस्तर ओलसर असतं आणि त्या ओलीमुळंही भोंगा वाजतो. दिवसभर वाजतो. एका फाउंड्रीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा कामगारांनी भोंग्यात चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. "डोस्कं उठतंय ओ मॅडम," एक जण म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं.

या खोट्या भोंग्यांवर मी दोन पावसाळे काम केलं. भट्टीपाशी उभी राहून, घामानं निथळून, केसांना येणारा तो जळका वास घरी नेऊन. शेवटी जमलं. अस्तर नवं आहे की जुनं, त्यात किती माल वितळून गेला, हे प्रणालीला कळायला लागलं आणि फुकटचे भोंगे थांबले. चिंध्या निघाल्या. मला लोकांसमोर सांगायचं होतं ते हे. घर आणि करिअर यांचा मेळ कसा घालायचा, ते मला खरंच माहीत नाही.

संयोजकांना मी संध्याकाळी परत फोन केला. म्हटलं, येते, पण विषय माझा. आणि आमच्याच ऑफिसमधली एक मुलगी आहे, ती भट्टीवरच्या सेन्सरचं काम बघते, तिलाही वीस मिनिटं द्या. ती माझ्यापेक्षा बरी बोलते.

विषयाला ते हो म्हणाले. मुलीबद्दल मात्र अगदी प्रेमानं म्हणाले, "एक झाली की, मॅडम."

ते वाक्य मी फोन ठेवल्यावर स्वतःशी म्हणून पाहिलं. त्यात दुष्टपणा नव्हता. ओटी भरायला पाच सवाष्णी लागतात, पाचवी मिळाली की बोलावणं थांबतं, तसा सरळ हिशोब होता.

फोन मी ऑफिसातूनच केला होता, त्यामुळं मी काही सांगायच्या आधीच त्या मुलीला कळलं होतं. ती मलकापूरजवळच्या एका गावची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, घर बौद्ध. घरात बुद्धजयंतीला आणि चौदा एप्रिलला भाषण करायची पद्धत, त्यामुळं लहानपणापासून माईकची सवय. "मॅडम, तुम्ही जावा," ती म्हणाली. "मी पुढं बसून टाळ्या वाजवते." हसत म्हणाली, पण नंतर दिवसभर मान वर न करता काम करत होती.

त्या उत्तरानंतर जावं की न जावं यात माझे दोन दिवस गेले. नवऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्याला अशा घोळात पडायला आवडत नाही. तो म्हणाला, "तुला बोलायचं हुतं न्हवं? मग त्यांनी का बोलावलं हे कशाला उकरतीस? पंगतीत जागा मिळाली की जेवावं."

"पण मला फोटोसाठी बोलावलंय."

"मग फोटो चांगला दे."

मी गेले. निळी सुती साडी नेसले, मग ती सोडून पंजाबी ड्रेस घातला, मग परत साडी. पुरुष वक्त्यांपैकी कुणाचा असा अर्धा तास गेला असेल असं वाटत नाही. हॉलच्या दारात आमचे साहेब भेटले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. परिषदेला त्यांनी मदत केलेली, त्यामुळं पहिल्या रांगेत सोफ्यावर त्यांची जागा. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. "मॅडम, आज कंपनीचं नाव गाजवायचं," म्हणाले. बारा वर्षं मी त्यांच्याकडं आहे. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला घरून काम करू दिलं होतं, जेव्हा तसं कुणी करत नव्हतं. हे मी विसरत नाही. पुढचं सांगताना म्हणूनच जड जातं.

माझ्या आधी जे बोलले त्यांची ओळख करून देताना त्यांच्या डिग्र्या, कंपन्या, परदेशचे अनुभव सांगितले. माझ्या वेळी निवेदक म्हणाला, "आता आपल्यासमोर येतायत एक गृहिणी, एक आई, आणि तरीसुद्धा एक इंजिनिअर!" टाळ्या पडल्या. त्या 'तरीसुद्धा'ला पडल्या. पायऱ्या चढताना मला वाटलं, इथंच उभं राहून विचारावं, की मघाच्या वक्त्यांना मुलं किती? पण माईक हातात आला, मागच्या पडद्यावर पहिला फोटो उमटला, चिंध्या कोंबलेला भोंगा, आणि हॉलमध्ये हशा पिकला. खरा हशा. फाउंड्रीवाले बरेच आले होते, त्यांना तो भोंगा ओळखीचा होता.

मग मी बोलत गेले. कसं बोलले ते सांगता येणार नाही, पण लोक ऐकत होते एवढं कळत होतं. मागं उभे असलेले पुढं सरकले. ऑफिसमधली ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत होती, कुठं चुकतंय का ते तपासत असल्यासारखी. मला ते फार आवडलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिला प्रश्न, "घरचं कसं मॅनेज करता?" मी म्हटलं, "सासूबाई करतात. पुढचा प्रश्न." परत हशा. दुसरा माणूस उठला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातावर भाजल्याचा जुना डाग. त्याची स्वतःची छोटी फाउंड्री होती. त्यानं विचारलं, की माझ्याकडंही भोंगा सारखा वाजतो, तर तुम्ही नक्की काय बदललं? प्रश्न माझ्या बोलण्याचा गाभाच होता. पण तो विचारताना त्याची नजर माझ्यावर नव्हती. त्याचं तोंड पहिल्या रांगेकडं होतं, साहेबांकडं. आणि साहेब उठले. कुणीतरी त्यांच्या हातात दुसरा माईक दिला.

मी स्टेजवर माईक धरून उभी, आणि खाली ते दोघं एकमेकांशी बोलायला लागले.

"सोपं हाय," साहेब म्हणाले. "भोंगा ज्या आकड्याला वाजतो, तो आकडा आम्ही वाढवला. बारीकसारीक गोष्टींना वाजायचा बंद झाला."

आम्ही ते सुरुवातीला केलं होतं, आणि ती चूक होती. आकडा वाढवल्यावर भोंगा खोटा वाजायचा थांबला तसा खराही थांबला. एका फाउंड्रीत अस्तर फाटलं आणि काहीच वाजलं नाही. जेवणाची सुट्टी होती म्हणून भट्टीजवळ कुणी नव्हतं, एवढ्यावर निभावलं. साहेबांना हे माहीत होतं. ते विसरले होते. त्यांनी ते काम जवळून केलं नव्हतं, आणि विसरणं हा काही गुन्हा नाही. पण तो पांढऱ्या शर्टातला माणूस मान हलवत होता. तो परत जाऊन आकडा वाढवणार होता.

मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट. ते तसं नाही."

साहेबांनी हसून हात वर केला, थांबा अशा अर्थी, आणि बोलत राहिले.

मग मी आवाज चढवला. आमच्याकडं आवाज चढवायला काही वेगळं शिकावं लागत नाही. "पावणं," मी त्या माणसाला म्हणाले, "इकडं बघा. माझ्याकडं. आकडा वाढवू नका. माणसं मरतील."

साहेबांचा माईक तोंडापाशी तसाच राहिला. मी सगळं नीट सांगितलं, काय केलं होतं, काय चुकलं, मग काय केलं. त्या माणसानं या वेळी माझ्याकडं बघितलं. फोन काढून फोटो घेतला पडद्याचा. माझं बोलणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या विस्कळीत, कुणी पहिल्या रांगेकडं बघून वाजवायच्या थांबलेल्या.

जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन साहेब बसले होते त्या टेबलाकडं गेले. तिथली एक खुर्ची रिकामी होती. कुणी बसा म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. मी ऑफिसमधल्या त्या मुलीशेजारी जाऊन बसले. तिनं माझ्या ताटात पांढरा रस्सा वाढला आणि आपली खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

त्या संध्याकाळी घरी पोचायच्या आत कुणीतरी चित्रफीत ग्रुपवर टाकली होती. सासूबाईंनी ती नवऱ्याच्या फोनवर बघितली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, आणि बोलणं थेट.

"एवढ्या माणसांत मालकाला खोटं पाडलीस व्हय गं?"

"व्हय."

"त्यो बोलला ते खोटं हुतं का?"

"चुकीचं होतं."

"मग झालं की." आणि त्या भाजी निवडायला बसल्या. नवरा मात्र जेवताना म्हणाला, "बरोबर केलंस. पण…" त्या 'पण'च्या पुढं तो गेला नाही. त्याचं दुकानही याच गावात आहे, त्याची गिऱ्हाइकंही हीच माणसं.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला बाजूला घेऊन सांगायचं होतं तुम्ही," एवढंच म्हणाले.

"बाजूला घेईपर्यंत तो माणूस निघून गेला असता, साहेब."

"त्याला फोन करता आला असता."

खरंच करता आला असता का? त्याचं नाव मला माहीत नव्हतं. पण साहेबांच्या बोलण्यात एक काटा होता, तो आत राहिला. मी त्या माणसाचा जीव वाचवायला ओरडले, का माझ्या हातात माईक असताना तो खाली साहेबांकडं बघत होता म्हणून ओरडले? दोन्ही खरं असेल तर मग काय? रात्री अंथरुणावर नाही, दिवसाढवळ्या, केएमटीच्या बसमध्ये, कोड लिहिताना, हा प्रश्न मला गाठायचा.

नंतर काही मोठं झालं नाही. पगार तोच, टेबल तेच. फक्त नवीन फाउंड्रीला प्रणाली दाखवायला जायचं असलं की माझ्याऐवजी आमच्यातला एक तरुण इंजिनिअर जायला लागला. जाण्याआधी तो माझ्याकडं येऊन सगळं समजून घ्यायचा, मोकळेपणानं, "मॅडम, हे काय म्हणून विचारलं तर काय सांगू?" मी सांगायची. तो जायचा. असं एकदा झालं, मग तीच रीत झाली.

पुढच्या वर्षी परिषदेचे दिवस आले. या वेळी संयोजकांनी पोस्टर काढण्याआधीच फोन केला, पण मला नाही, ऑफिसमधल्या त्या मुलीला. ती फोन घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि तिनं तो स्पीकरवर टाकला.

"मला बोलावताय ते ठीक आहे, सर. पण गेल्या वर्षी मॅडम एवढ्या चांगल्या बोलल्या, त्यांना का नाही?"

"अगं, त्या झाल्या की गेल्या वर्षी. आता दुसरी लेडी पाहिजे."

"मग सर, ते बँकेच्या सॉफ्टवेअरवाले सर दर वर्षी बोलतात."

फोनमधून खोकल्याचा आवाज आला. मग संयोजक आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मला वाद नको. तुमच्या साहेबांनीच सांगितलं, या वर्षी मॅडमना राहू दे म्हणून. माझा हात बांधलेला हाय."

ती म्हणाली, "मग मलाही राहू द्या," आणि फोन बंद केला. मी तिला म्हटलं, असं करू नको, तू जा, तुझी वाट माझ्यामुळं अडायला नको. मनापासून म्हटलं. पण तिनं नाही म्हटलं तेव्हा आत कुठंतरी मला बरं वाटलं होतं, हेही तितकंच खरं.

मी सरळ केबिनमध्ये गेले. साहेबांनी नाकारलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'तू' निघालं. "तू परत उभी राहशील आणि मी समोर बसलेला असेन. लोक माझ्याकडं बघणार, मी काय बोलतोय आणि तू काय दुरुस्त करतीयस. मला नाही सोसत ते. एवढंच आहे. तू चुकलीस असं मी म्हणत नाही."

"मग तुम्ही बसू नका समोर."

"माझ्या गावात, मी मदत केलेल्या कार्यक्रमात?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लाज होती, आणि त्या लाजेचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. मलाही नाही. मी बाहेर आले. नोकरी सोडावी असं वाटलं, पण हे काम इथं दुसरीकडं कुठं आहे? दुकान, सासूबाई, मुलांची शाळा इथं. आणि भट्ट्या इथं.

सोडली ती ऑफिसमधल्या त्या मुलीनं. बंगळूरच्या एका परिषदेला तिनं विषय पाठवला होता. तिथं निवडताना वक्त्याचं नाव झाकून फक्त विषय वाचतात. तिचा निवडला गेला. ती तिथं बोलली, तिथल्याच एका कंपनीनं तिला विचारलं आणि ती गेली. जाताना मला मिठी मारून रडली. मी तिला बसवायला स्टँडवर गेले होते. तिचे वडील मलकापूरहून आले होते, पांढऱ्या कपड्यांत, हातात लेकीची बॅग. ते मला म्हणाले, "तुम्ही तिला उभं राहायला शिकवलं." मला ते ऐकवेना. ती आधीपासूनच उभी होती. मी तिला फक्त दाखवलं होतं, की उभं राहिल्यावर पुढं काय काय होतं.

इकडं आमची परिषद झाली. सांगलीहून एक मॅडम आल्या, ताणतणाव या विषयावर बोलल्या. चांगल्या बोलल्या म्हणे. चहाच्या टपरीवर भेटले तेव्हा संयोजक म्हणाले, "बघा, शोधायला गेलं तर आपल्याकडं बायकाच मिळत न्हाईत, मॅडम." खेदानं म्हणाले. मी चहा संपवला.

यंदा मात्र त्यांनीच एक तोड काढली. मुख्य हॉलमध्ये नको, पण दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत माझी कार्यशाळा ठेवू. पोस्टरवर फोटो नाही. साहेबांची हरकत नाही. घ्यावं की नाही यावर या वेळी मी फार डोकं चालवलं नाही, आणि ते चालवलं नाही याचंच नंतर वाईट वाटलं. नवरा पंगतीचं काही बोलला नाही. मला दारापर्यंत सोडायला आला फक्त.

खोलीत फाउंड्रीचे काही सुपरवायझर होते, आणि इंजिनिअरिंगच्या दोन मुली. त्या आधी दारातच थांबल्या, चुकीच्या खोलीत आलोय की काय अशा. मी आत बोलावलं. दोन तास मी शिकवलं, फळ्यावर आकृत्या काढल्या, सुपरवायझरांशी वाद घातला. त्या दोघींतली एक सारखी प्रश्न विचारत होती. टोकदार प्रश्न, न लाजता. वरून मुख्य हॉलमधल्या टाळ्या छतातून ऐकू यायच्या, तेवढ्यापुरती मी थांबायची.

संपल्यावर सगळे गेले. ती मुलगी मागं राहिली. बॅग छातीशी धरून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तुम्ही वर का नाही बोलला? वर जे चालू होतं त्याच्यापेक्षा हे भारी होतं."

तिला खरं सांगावं असं मला वाटलं. सगळं, पहिल्यापासून. आणि त्याच वेळी वाटलं, सांगितलं तर ही उद्या कुठं हात वर करील का? मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस. सांगते."

तिनं घड्याळाकडं बघितलं. "मॅडम, गारगोटीची बस आहे माझी. घरी त्याच बसनं येते म्हणून सांगितलंय." आणि दारातून पळत निघाली.